पेटीतलं एक मिनिट

दुकानदारानं हातोडा उचलला आणि दाणकन पेटीवर घातला.

दुकानातली दोन गिऱ्हाइकं दचकून मागं सरली. पेटीला चरासुद्धा पडला नाही. मग त्या पठ्ठ्यानं पेटी उचलून पायरीवरून खाली रस्त्यावर आदळली, तिच्यावर चढून दोन उड्या मारल्या, चारी कड्या फटाफट उघडल्या आणि आतून काचेचा ग्लास काढून आमच्या नाकासमोर धरला. ग्लास शाबूत होता.

"आता बोला आप्पा," मी म्हणालो. "ह्याला म्हणायचं पेटी!"

रंगनाथ गुरव, म्हणजे आमचे आप्पा, पुढं झाले. त्यांनी मनगटावरचं चावीचं घड्याळ सोडलं, पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि उकिडवे बसून झाकणापासून वीतभर अंतरावर कान धरला. मग कान झाकणाला टेकवला. दुकानदार माझ्याकडं बघून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लांबनं टिकटिक येत नाही," आप्पा गुडघ्यावर हात देत उठले. "टेकलं की येतं."

"अहो, सामान ठेवायची पेटी आहे ही. आत बसून ऐकणार कोण?"

"तेच म्हणतोय मी. बहिरी आहे ही."

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. मी जालिंदर खरमाटे तेव्हा नुकता तिशीत आलेला, आणि आप्पा साठीच्या उंबऱ्यावर. आमचा धंदा आवाज धरून आणायचा. कुणाला जात्यावरच्या ओव्या हव्या असत, कुणाला माहितीपटासाठी बाजाराचा गलका, कुणाला कोर्टात दाखवायला पुरावा. आम्ही दोघं एसटीनं, जीपनं, वेळ पडली तर ट्रॅक्टरवर बसून जायचो. आप्पा कानाला हेडफोन लावून माईक धरायचे, आणि त्याच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला मी रेकॉर्डिंगचं यंत्र सांभाळायचो. सगळं काम मला त्यांनीच शिकवलं. माझ्या बापानं मला शिव्या सोडून काही शिकवलं नाही, हेही सांगून टाकतो.

आप्पांच्या खांद्याला वीस वर्षं एकच पिशवी. मिरजेत तंबोऱ्याच्या गवसण्या शिवणारे एक चाचा होते, त्यांनी शिवलेली. बाहेरून जाड कॅनव्हास, आत कापूस भरून गोधडीसारखे टाके. त्यातच यंत्र, त्यातच वायरी, त्यातच भाकरी. पण आदल्या महिन्यात जत भागात वळवानं गाठलं, आधी धुरळा आणि मग पाणी पिशवीत शिरलं आणि यंत्र जागच्या जागी मेलं. नवं यंत्र आलं तेव्हा मी हट्टाला पेटलो की ते या गोधडीत जाणार नाही.

"पिशवी अंगावर असते जालू," आप्पा दुकानातच समजावायला लागले. "दोन्ही हात मोकळे राहतात. पळायचं झालं तर पळता येतं. पेटी हातात आली की माणूस पेटीचा हमाल होतो."

"तुमच्या गोधडीपायी यंत्राचा मुडदा पडला आप्पा!" मी चढ्या आवाजात बोललो. सगळं दुकान बघत होतं, तरी. "आणखी एक मेलं तर मी धंदा सोडून वडापची जीप चालवीन. सांगून ठेवतो."

त्यांच्यावर मी असा कधी ओरडलो नव्हतो. त्यांनी घड्याळ काढून घेतलं, दोनदा चावी दिली.

"घे बाबा. तुझ्या मनासारखं होऊ दे. पण माझी पिशवी मी टाकणार नाही."

असं ठरलं. काळ्या पेटीत यंत्र, ती माझ्याकडं. जुन्या पिशवीत वायरी, बॅटऱ्या आणि आप्पांच्या बायकोनं, इंदूकाकींनी, बांधून दिलेली भाकरी, ती आप्पांच्या खांद्याला.

पंधराच दिवसांत गारळेवाडीचं काम आलं. गावाच्या डोक्यावर दगडाची खाण. खाणमालकानं कोर्टात लिहून दिलं होतं की आम्ही सुरुंग लावत नाही, पहारीनं दगड काढतो. आणि इकडं प्राथमिक शाळेच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडलेली. छताचा गिलावा पडून एका पोरीचा हात मोडल्यावर गुरुजींनी वर्ग देवळात हलवला होता. गावाच्या वकीलबाईंचं म्हणणं एवढंच, की शाळेच्या खोलीत उभं राहून सुरुंगाचा आवाज धरून आणा, तारीख-वेळेसकट.

आम्ही सकाळी अकराला रिकाम्या शाळेत शिरलो. मी पेटी जमिनीवर उघडी ठेवली, यंत्र आतल्या फोमच्या खाचेत तसंच राहू दिलं आणि चालू केलं. त्या यंत्राला वायरीवरच्या माईकशिवाय स्वतःचे दोन बारके माईक होते, तेही कायम चालू. आप्पा पिशवीसकट खोलीच्या मधोमध उभे राहिले. साडेअकराला खाणीवर भोंगा तीनदा वाजला, आणि मग जे झालं त्यानं माझ्या दाढा हलल्या. फळ्यावरचा खडू खाली पडून फुटला. भेगेतून माती भुरभुरली. लागोपाठ पाच बार.

"घावलं!" मी ओरडलोच. "चला आप्पा, निघू."

आप्पांनी पंजा वर केला. डोळे मिटले.

हा त्यांचा रिवाज. कुठलंही काम झालं की जिथं उभे आहोत तिथली एक मिनिट शांतता भरून घ्यायची. नुसती शांतता. ते म्हणत, प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते आणि ती घेतल्याशिवाय तिथला आवाज खरा वाटत नाही. त्या मिनिटात कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही. मध्ये एखादी गाडी गेली तर मिनिट पुन्हा पहिल्यापासून. ते पंजा खाली घेऊन "बास" म्हणत, तेव्हाच मी बटण दाबायचं. आधी दाबलं तर आठवडाभर बोलायचे नाहीत. दहा वर्षांत माझा अंगठा त्या एका शब्दाला बांधला गेला होता.

अर्धं मिनिट झालं असेल, खाणीच्या रस्त्यानं जीप येताना दिसली. आप्पांच्या हेडफोनात ती माझ्याआधी आली असणार. पण त्यांच्या लेखी ती जाणारी गाडी होती. त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मोज.

"आप्पा," मी दबक्या आवाजात म्हणालो, "ती आपल्याकडंच येतीय."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

जीप शाळेच्या आवारात थांबली. चौघं उतरले. दोघांकडं काठ्या, एकाकडं पहार. पुढचा रिकाम्या हातानं, पांढऱ्या शर्टातला. तो अंकुश, खाणीवरचा मुकादम. गावात शिरताना गुरुजींनी त्याचं नाव घेतलं होतं ते आवाज खाली करून.

"कोण रं तुमी? काय भरताय हितं?"

आणि आप्पांनी, देवाशपथ सांगतो, त्याच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. गप राहा म्हणून! कीर्तनकाराला, मंत्र्याला, कुणालाही ते असंच गप करायचे. ते मिनिट चालू असताना त्यांना समोरचा माणूस दिसायचाच नाही.

अंकुशनं त्यांच्या कानशिलात अशी भडकावली की ते फळ्यावर जाऊन आदळले.

मी माईकची आणि हेडफोनची वायर ओढून तोडली, पेटीचं झाकण आपटलं, कड्या लावल्या, पेटी छातीशी धरली आणि मागच्या खिडकीतून उडी टाकली. बटण दाबायचं राहिलं. खरं तर राहिलं असंही नाही. आप्पा "बास" म्हणाले नव्हते, म्हणून अंगठा गेलाच नाही.

खिडकीखाली पाण्याचा कोरडा चर होता. मी त्यात पालथा पडलो, पेटी पोटाखाली. उठायच्या आत मागून एक जण आला आणि पहिली काठी माझ्या पाठीवर पडली. आयुष्यात मार खाल्ला नव्हता असं नाही, पण तो बापाचा. हे वेगळं होतं. हा माणूस काम केल्यासारखा मारत होता, न बोलता, दम न लागता. दुसरी काठी बरगडीवर, तिसरी मांडीवर. चौथी माझ्या कोपराला चाटून पेटीवर बसली आणि पेटी ठणकन वाजली. मी पेटीला आणखी कवटाळलं. छाती झाकणावर, हनुवटी झाकणावर. तोंडात माती आणि रक्त.

मग पांढरा शर्ट आला. अंकुशनं माझ्या पाठीत गुडघा रोवला, केस धरून मान मागं ओढली आणि तोंड माझ्या कानाशी आणून काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. काय दिलं ते पुढं येईलच. आत्ता सांगायला जीभ रेटत नाही.

त्यानं माझे केस सोडले. माझं तोंड पेटीवर आपटलं. "ए, म्हाताऱ्याला बाहेर काढा रे," तो ओरडला, आणि ते दोघं मला तिथंच टाकून गेले.

चरातून भिंतीच्या कडेनं मला शाळेचं अंगण दिसत होतं. आप्पांना त्यांनी फरफटत आणलं. डोक्याला हेडफोन तसाच, तुटकी वायर लोंबती. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, आई पोराला धरते तशी.

"पिशवी सोड!"

आप्पांनी मान हलवली. नाही.

काठी हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. हो, ऐकू आलं. आवाज ओळखायचा धंदा आमचा. तरी हात सुटले नाहीत. पाठीवर, पायांवर, पोटात लाथा. ते गुडघ्यावर आले, मग कुशीवर पडले, पिशवीभोवती वेटोळं करून. मी मनातल्या मनात किंचाळत होतो की आप्पा, सोडा हो, भाकरी आहे त्यात, वायरी आहेत नुसत्या, सोडा! तोंडातून शब्द निघाला नाही.

"सोडत न्हाई अंकुसदा."

"डोस्क्यात घाल."

ज्याच्याकडं पहार होती तो पुढं झाला. त्यानं पहार आडवी धरली आणि आप्पांच्या डोक्यावर बाजूनं हाणली. डाव्या कानावर हेडफोन होता. तो फुटला आणि फुटका तसाच कानात घुसला. आप्पा ओरडले नाहीत, त्यांच्या तोंडातून नुसती हवा गेली. दुसऱ्या घावाला हात सुटले.

त्यांनी पिशवीचा पट्टा कापला आणि ती उलटी केली. वायरी पडल्या, बॅटऱ्या घरंगळल्या, फडक्यात बांधलेली भाकरी पडली. अंकुशनं भाकरी बुटानं चिरडली. तो चराकडं वळला. मला वाटलं, झालं, संपलं आता.

तेवढ्यात खाणीवर भोंगा वाजला. एकदा. दुसऱ्यांदा. उरलेले सुरुंग उडवणार होते, आणि खाणीवरच्या माणसांना माहीत होतं की त्या अंगणात दगड येऊन पडतात. शिव्या देत चौघं जीपकडं पळाले.

तिसरा भोंगा झाला तेव्हा मी चरातून बाहेर आलो होतो. पळत नव्हतो, रांगत होतो. आप्पांपर्यंत पोचलो, त्यांच्यावर आडवा झालो आणि पेटी दोघांच्या डोक्यावर धरली. बार झाला. दगड पडायला लागले. नारळाएवढा एक दगड पेटीवर पडला आणि तिचा कोपरा आत गेला. आप्पांच्या कानातलं रक्त माझ्या शर्टात येत होतं.

सांगलीच्या दवाखान्यात त्यांच्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. मनगटात स्टीलची पट्टी बसवली. डावा कान गेला, कायमचा. उजव्यात चार आणे ऐकू राहिलं, तेही तोंड अगदी कानाशी नेऊन बोललं तर. आवाजावर जगणारा माणूस. इंदूकाकी कॉटशेजारी बसून होत्या, रडत नव्हत्या, त्यांच्या मोडलेल्या हाताची बोटं एकेक करून पुसत होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी आप्पांनी मला जवळ बोलावलं. जबडा बांधलेला, शब्द गाळून येत होते.

"डाव चांगला टाकलास जालू."

"कसला डाव आप्पा?" मी त्यांच्या उजव्या कानात विचारलं.

"मी ऐकलं ना. यंत्र पिशवीत हाय म्हणून ओरडलास. मी म्हटलं, वा रे पठ्ठ्या! पेटी वाचवतोय. मग मी पिशवी कशी सोडणार? लगेच सोडली असती तर मोकळी कळली असती. तुझ्याकडं आले असते परत."

ह्यासाठी धरून ठेवली होती. भाकरी आणि वायरी असलेली पिशवी, हाड मोडेपर्यंत.

"वाचलं ना सगळं?" त्यांनी विचारलं. "बार? ते मिनिट?"

"वाचलं," मी म्हणालो.

मी जिन्यात जाऊन बसलो आणि यंत्र कानाला लावलं. पाच बार अगदी स्वच्छ. मग शांतता, जीप, अंकुशचा आवाज, कानशिलात बसलेली चपराक. मग झाकण आपटलं, कड्या लागल्या, आणि पुढं सगळं मुकं. बाहेरचं काही म्हणजे काही नाही. आप्पांनी म्हटलं होतं तशी बहिरी पेटी. मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच धपधप काठ्या सुरू झाल्या आणि त्यांच्या मागोमाग दोन आवाज आले. दबलेले, पोटातून आल्यासारखे, पण शब्द न् शब्द कळणारे. अंकुशचं तोंड माझ्या कानाशी होतं, आणि माझी छाती झाकणाला टेकली होती. टेकलं की येतं.

आप्पांनी ऐकलं होतं त्याच्या पुढंही मी खालच्या आवाजात बोललो होतो. त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, पेटीत पोचलं होतं.

आता माझी काय गत झाली असेल बघा. गावातला एक माणूस अंकुशविरुद्ध बोलायला तयार नव्हता. गुरुजीसुद्धा म्हणाले, मी देवळात शिकवत होतो. तो आणि त्याची माणसं होती याला पुरावा एकच, यंत्रातलं ते कार्ड. पण माझे शब्द कापायचे तर अंकुशची धमकीही जात होती, कारण एक वाक्य त्याचं, एक माझं, अशी ती वीण होती. ती ठेवली तर आप्पांना कळणार. मी काही हरिश्चंद्र नाही. दोन दिवस कार्ड खिशात घेऊन फिरलो. नदीच्या पुलावर दोनदा जाऊन उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी इंदूकाकींनी मला डब्यातली पोळी वाढली. मी नको नको म्हणत होतो.

"खा रे," त्या म्हणाल्या. "दुसरा कुणी असता तर ह्यांना टाकून पळाला असता. तू होतास म्हणून माझं कुंकू राहिलं."

मी घास खाली ठेवला आणि माझा हात खिशावर गेला. आप्पा पलंगावरून आमच्याकडं बघत होते. बोलणं ऐकू आलं नसणार, पण माझ्या खिशावरचा हात त्यांनी पाहिला.

"पोलिसात दे," ते म्हणाले. "पूर्ण दे. कापू नको. आपण कापत नाही."

मी उठून गेलो आणि दिलं. मनात एक चोरटी आशा होती, ती कबूल करतो. साध्या स्पीकरवर वाजवलं तर नुसतं गुरगुर ऐकू येईल, पेटी माझी लाज राखील, असं वाटलं होतं.

प्रयोगशाळेतून कार्ड यायला पावणेदोन वर्षं लागली. तिथल्या माणसांनी आवाज धुऊन पुसून लख्ख करून पाठवला. ह्याच रेकॉर्डिंगवर अंकुशला आणि पहारवाल्याला पुढं पाच-पाच वर्षं लागली, आणि ह्यातल्याच बारांवर खाण बंद पडली. लोक अजून मला त्याचं श्रेय देतात. म्हणून आज सांगतोय.

त्या पावणेदोन वर्षांत मी आप्पांचा कान झालो होतो. डॉक्टरांकडं, पोस्टात, बाजारात, कुठंही कुणी बोललं की आप्पा उजवा कान माझ्याकडं वळवायचे आणि मी त्यात सांगायचो. माझी साक्ष आधीच झाली होती. तीत मी तेवढंच सांगितलं होतं जेवढं आप्पांना माहीत होतं. रेकॉर्डिंग वाजवायच्या दिवशी वकीलबाईंनी कोर्टाला विनंती केली की फिर्यादीला ऐकू येत नाही, तर या माणसानं शेजारी बसून सांगावं. जजसाहेबांनी परवानगी दिली. मी आप्पांच्या उजव्या बाजूला बसलो. समोर आरोपींच्या बाकावर अंकुश, तोच पांढरा शर्ट.

कारकुनानं बटण दाबलं. बार वाजले तेव्हा कोर्टाची काच थरथरली, ती आप्पांना बाकाच्या लाकडातून कळली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा हसू आलं. मग मिनिट. मग जीप. मी कानात सांगत होतो. "आता जीप आली. आता चपराक. आता मी पेटी लावली."

मग ते दोन आवाज आले. सगळं कोर्ट ऐकत होतं. मागच्या बाकावर इंदूकाकी होत्या. वकीलबाईंची मान हळूच माझ्याकडं वळली.

आप्पांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "काय म्हणतोय?"

मी जमिनीकडं बघत राहिलो.

"अरे सांग ना. मला येत नाही ऐकू. काय म्हणतोय तो?"

मी म्हणू शकलो असतो की काही नाही, नुसती खरखर आहे. त्यांनी विश्वास ठेवला असता. पण मागं इंदूकाकींनी ऐकलं होतं, आणि आप्पा तो कान माझ्याकडं वळवून बसले होते, उरलेला, चार आण्यांचा. मी तोंड त्याच्याजवळ नेलं.

"अंकुश म्हणतोय, यंत्र कुठाय बोल सुक्काळीच्या, न्हायतर तुझं बी डोस्कं फोडतो."

आप्पांनी मान डोलावली. "आणि तू?"

"मी म्हणतोय, म्हाताऱ्याच्या पिशवीत हाय."

"हां. आणि?"

"तो म्हणतोय, हे पोटाखाली काय. मी म्हणतोय, बॅटऱ्या हायत." मी तोंड आणखी जवळ नेलं. "मी म्हणतोय, मला नगा मारू. मी नुसता हमाल हाय. त्याचा माझा काय संबंध न्हाई. त्याला मारा."

आप्पा हलले नाहीत. त्यांनी कानही हलवला नाही.

"आणि?"

"म्हातारा हट्टी हाय. डोस्क्यात घातल्याबिगर सोडायचा न्हाई तो."

वाजणं चालूच होतं. धपधप पावलं, लांब लांब जाणारी. मग बराच वेळ नुसता माझा श्वास, मग एक दबका बार, आणि मग झाकणावर दगड पडायला लागले.

आप्पांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्यांचा उजवा हात, पट्टी बसवलेला, वर आला आणि माझ्या डाव्या कानावर असा बसला की माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि मी बाकावरून खाली गेलो. "ऑर्डर, ऑर्डर!" साहेब ओरडले. शिपाई धावला. आप्पांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. माझ्या कानात शीळ वाजत होती, आणि तिच्या पलीकडं ते दगड अजून टकटक पडतच होते.

आप्पा सरळ बसले, डोळे मिटले. वर राहिलेला पंजा त्यांनी सावकाश खाली आणला.

"बास," ते म्हणाले.

आणि माझा अंगठा आपोआप कोर्टाच्या फरशीवर दाबला गेला.